पाय दुखतो तो नीलांमुळे की रोहिण्यांमुळे?

पाय दुखतात म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: पाय उंचावर ठेवून पडा. बहुतेकांना त्याने बरं वाटतं. काहींचे पाय मात्र तसे ठेवले की जास्तच ठणकतात. पायात रक्ताच्या वाटा दोन असतात. रोहिण्या हृदयाकडून रक्त खाली आणतात, नीला ते परत वर नेतात. बिघाड कुठल्या वाटेवर आहे हे आधी कळायला हवं, कारण एकीवरचा उपाय दुसरीला बाधू शकतो.

नीलांचं काम मुळातच अवघड, रक्त वर चढवायचं. माणूस न हलता उभा असला की घोट्याजवळच्या नीलांमध्ये 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालू लागला की पोटरीचे स्नायू आवळले जातात, रक्त वर ढकललं जातं आणि नीलांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. दाब 30 किंवा त्याहूनही खाली येतो. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली ओघळून साचतं आणि त्वचेखालच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. याच व्हेरिकोज व्हेन्स. सकाळी हलका असलेला पाय संध्याकाळी जड होतो, घोट्याला सूज येते, मोज्याचा वण उमटतो, खाज सुटते, रात्री पोटरीत गोळे येतात. चाललं किंवा पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवला की बरं वाटतं.

रोहिणीचं दुखणं याच्या उलट. आतून थर साचून ती अरुंद होते. तंबाखू आणि मधुमेह ही त्याची मोठी कारणं. बसल्या जागी रक्त पुरतं, पण चालताना स्नायूंना जास्त हवं असतं आणि ते मिळत नाही. मग ठरावीक अंतरावर पोटरी धरते, दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं की सुटते, आणि पुढे पुन्हा तितक्याच अंतरावर धरते. (उभं राहून भागत नसेल, बसावं किंवा पुढे वाकावंच लागत असेल, तर मणक्याकडेही बघायला हवं.) आजार बळावला की रात्री आडवं झाल्यावर पाऊल ठणकतं, आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडल्यावरच जरा चैन पडतं.

जखमाही वेगवेगळ्या जागी होतात. नीलेची जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, उथळ आणि ओलसर असते, भोवतालची कातडी तपकिरी पडलेली. रोहिणीची जखम बोटांच्या टोकांवर किंवा टाचेवर, खोल, कोरडी आणि फार दुखरी.

खरी फसगत डोळे करतात. फुगलेल्या शिरा दिसतात, म्हणून सगळं दुखणं त्यांच्याच माथी मारलं जातं. अरुंद झालेली रोहिणी बाहेरून दिसत नाही, आणि उतारवयात दोन्ही आजार एकाच पायात असणं काही नवल नाही. म्हणून दाबाचे मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, स्वतःच्या मनाने आणून चढवणं मला धोक्याचं वाटतं. नीलांच्या त्रासात ते खरोखर आराम देतात; सकाळी सूज यायच्या आत घालायचे. पण आधीच कमी रक्त पोचणाऱ्या पायावर तोच दाब आला तर कातडी मरू शकते. यासाठीची तपासणी सोपी आहे. घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं तर रोहिणीचा आजार धरतात, 0.5 च्या खाली असेल तर घट्ट मोजे सहसा वर्ज्य. मधुमेहात रोहिण्या कडक झालेल्या असू शकतात आणि हा आकडा खोटाच मोठा येतो, तेव्हा डॉपलरचा, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणाऱ्या तपासणीचा, आधार घ्यावा लागतो.

व्हेरिकोज व्हेन्स पूर्णपणे टाळता येतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आनुवंशिकता, वय, गरोदरपण यांपुढे आपलं फारसं चालत नाही. आपल्या हातात आहे ते वजन आणि पोटरीची हालचाल. बराच वेळ उभं राहायचं असेल तर मधूनमधून टाचा उचला, बसून काम असेल तर पाऊल घोट्यातून वर-खाली करा, आणि रोज चाला. चालणं रोहिणीच्या आजारातही औषधच आहे, फक्त रीत निराळी: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा निघायचं. आठवड्यातून किमान तीनदा, सलग तीन महिने असं केलं की न थांबता चालता येणारं अंतर वाढतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू केलेलं बरं. तंबाखू मात्र सोडायलाच हवी.

अचानक काही घडलं तर यातलं काहीच घरी करत बसू नये. एकच पाय सुजून गरम झाला, दुखू लागला, तर खोलवरच्या नीलेत गुठळी झालेली असू शकते. पाय एकाएकी गार, पांढरा आणि बधिर पडला तर रोहिणी बंद झालेली असू शकते, आणि तो पाय वाचवायला हाताशी काही तासच असतात.