अळणी जेवण

रक्तदाब वाढलेल्या माणसासाठी मीठ बेताने वापरून केलेला आहार. अळणी म्हणजे खरे तर मीठ अजिबात नसलेले; बोलताना मात्र कमी मिठाच्या जेवणालाही अळणीच म्हणतात, आणि त्या शब्दानेच पुष्कळ माणसे बिचकतात. सातारा-सांगलीकडे मटण शिजवताना आधी काढून ठेवतात त्या पाण्यालाही ‘अळणी’ म्हणतात. त्या मटणाला हळद-मीठ लावलेले असते, तेव्हा रक्तदाबाच्या माणसाने नावावर जाऊन ते वाट्यावर वाट्या पिऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. मिठात वजनाने सुमारे ४० टक्के सोडियम असते. सोडियम अंगात पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवर दाब येतो. अमेरिकेत फळे, भाज्या, कडधान्ये आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणारा ‘डॅश’ आहार तपासला गेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या आहाराला कमी मिठाची जोड दिल्यावर, नेहमीचा आहार व जास्त मीठ घेणाऱ्यांच्या तुलनेत, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सरासरी ११.५ अंकांनी कमी आढळला. एखाद्या गोळीच्या तोडीचा हा फरक आहे.

घरातले मीठ मोजण्याचा सोपा उपाय म्हणजे पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाकणे. चौघांच्या घरात किलोची पुडी महिन्यात संपली, तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर मीठ गेले. लोणचे, फरसाण, बाहेरचा वडापाव त्यात धरलेलाच नाही. हीच पुडी ५० दिवसांहून अधिक पुरायला हवी.

कामाच्या धबडग्यातल्या माणसाला रोज प्रत्येक घासाला विचार करणे जमत नाही, आणि तशी गरजही नाही. सातारा-सांगली भागातले बरेचसे मीठ वर्षातून एकदाच ठरते, ते डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या यंत्रावर. उन्हाळ्यात मिरच्या वाळल्या की कांदा, लसूण, सुके खोबरे, भाजलेले मसाले आणि खडेमीठ घालून वर्षाची चटणी कुटून आणतात. पुढे भाजीत चटणी पडली की तिच्याबरोबर मीठही पडते, आणि सवयीने वरून पुन्हा चमचा पडतोच. म्हणून रक्तदाबाच्या माणसापुरता बिनमिठाचा घाणा वेगळा काढून आणावा. त्यातले मीठ चटणी टिकण्यासाठीही असते, तेव्हा अशी चटणी थोडी थोडी करून फ्रिजमध्ये ठेवावी लागते. सगळ्यांचीच चटणी बिनमिठाची केली तरी काही बिघडत नाही. ज्याला हवे त्याने वरून घ्यावे.

ज्वारीच्या भाकरीत बहुतेक घरांत मीठ घालत नाहीत, ही इथल्या जेवणाची मोठी जमेची बाजू. चपातीच्या कणकेतले मीठ बंद केले तर दोन-चार दिवसांत कुणाच्या लक्षातही राहत नाही. खरी अडचण ताटाच्या डाव्या बाजूला असते. लोणचे, पापड, ठेचा, सांडगी मिरची हे सगळे तिथेच वाढतात. बाजारच्या दिवशी आणलेले सुकटही तितकेच खारट. सांगलीच्या भडंगात मीठ दोनदा येते. चुरमुरे भाजण्याआधी तांदळाला मिठाचे पाणी लावतात, आणि भडंग परतताना मसाल्याबरोबर पुन्हा मीठ पडते. घरी भडंग करताना दुसरे मीठ गाळून लसूण आणि कढीपत्ता वाढवला तर ते नीट लागते. शेंदेलोण आणि पादेलोण यांना उपवासाचे किंवा औषधी म्हणून सूट देऊ नये. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. खाण्याचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियम असते.

सकाळी सातच्या पाळीला सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत पोहोचायचे असेल तर वेगळा स्वयंपाक होत नाही. भाजी शिजत आली की मीठ घालण्याआधी डब्यापुरती वाटीभर काढून घ्यावी. बरोबर लिंबाची फोड, कच्चा कांदा आणि कारळ्याची किंवा जवसाची बिनमिठाची चटणी द्यावी. कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत अशा डब्यासाठी उत्तम, कारण विस्तवावर भाजल्याची चवच इतकी दाट असते की मिठाची उणीव कमी भासते. जीभ बदलायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातच हार मानू नये. पाकिटातल्या पदार्थाच्या वेष्टनावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

काही सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले मीठ दुकानांत मिळते. चीनच्या ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिले. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तातले पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मीठ कोणतेही घेतले तरी ते आयोडीनयुक्त असावे.

उन्हात ऊस तोडणाऱ्या, घाम गाळणाऱ्या माणसाने आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने मीठ एकदम तोडू नये. सोडियम फार उतरले तर गळून जायला होते, भ्रम होतो. जेवण बदलल्यावर घरी रक्तदाब मोजून वहीत लिहावा आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. गोळी कमी करायची की नाही हे त्यांनी ठरवायचे. आपल्या मनाने ती बंद करू नये.