ग्रँड सेंट्रलच्या घड्याळात ओपल नाही

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वे स्थानकात चौकशी कक्षावर चार तोंडांचं पितळी घड्याळ आहे. त्याच्या तबकड्या खऱ्या ओपल रत्नाच्या असून लिलावगृहांनी त्यांची किंमत एक ते दोन कोटी डॉलर ठरवली आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. त्या दुधी काचेच्या आहेत. या काचेला ओपल ग्लास म्हणतात, गोंधळ बहुधा तिथूनच झाला.

ओपल म्हणजे आपल्याकडे शुक्रासाठी अंगठीत घालतात तो खडा. त्यात पाण्याचा अंश असतो. सुकला किंवा तापला की त्याला तडे जाऊ शकतात. त्याच्या दोन फुटी तबकड्या करून मागे दिवे लावणं कुणा घड्याळजीला सुचणार नाही. दुधी काचेत मात्र सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे आतला दिवा न दिसता सगळी तबकडी सारखी उजळते. म्हणून मनोऱ्यांवरच्या घड्याळांतही ती सर्रास वापरत.

खरं मोल कारागिरीचं आहे, आणि रत्नाच्या गप्पांत नेमकी तीच झाकली जाते याचं वाईट वाटतं. हे घड्याळ ब्रुकलिनच्या सेल्फ वाइंडिंग क्लॉक कंपनीचं. ओतकाम कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीचं. 1886 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या घड्याळांत बॅटरीवरची छोटी मोटर दर तासाला स्प्रिंगला चावी देई. वेस्टर्न युनियन या तार कंपनीच्या तारेवरून येणाऱ्या संकेतावर काटे आपोआप जुळत. रेल्वेला हवी होती ती ही अचूकता.