स्वनिर्मित विमानांचे हायड्रॉलिक लँडिंग गिअर : दोषशोध व बेळगाव सीमाभागातील कारागिरी

किटवरून, म्हणजे सुट्या भागांच्या तयार संचावरून, किंवा आराखड्यावरून हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या लहान विमानाची चाके उड्डाणानंतर आत ओढून घेणारी आणि उतरण्याआधी बाहेर काढून पक्की अडकवणारी तेलदाबाची यंत्रणा, आणि तिच्यातला बिघाड शोधण्याची पद्धत. सगळ्याच स्वनिर्मित विमानांना ही यंत्रणा नसते. अमेरिकन रचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेड विमानामध्ये फक्त पुढचे चाक आत जाते आणि तेही हाताने. लँकेअर ३२०, ३६० आणि ग्लासेअर ३ या वेगवान किट विमानांत मात्र तिन्ही पाय, म्हणजे चाके धरणारे दांडे, तेलाच्या दाबावर हलतात. भारतात स्वनिर्मित विमाने मोजकीच आहेत. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ मध्ये डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली, तेव्हा स्वतः विमान बांधता येते ही गोष्ट मराठी घरांत बोलली जाऊ लागली.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या सीमाभागाचा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. सांबरा येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिथे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि अलीकडे वैमानिक होऊ पाहणाऱ्यांची लहान विमानेही घिरट्या घालताना दिसतात. दुसरी बाजू कारखान्यांची. उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम पिढ्यान्‌पिढ्या चालते, मच्छे येथे पॉलिहायड्रॉन हायड्रॉलिक व्हॉल्व्ह व पंप बनवते, आणि हुक्केरी तालुक्यात हत्तरगीजवळच्या एक्वसच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग तयार होतात. उसाच्या ट्रॉलीचा जॅक आणि जेसीबीचे सिलिंडर उघडून सील बदलणारा मेस्त्री तर प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतो. तेलदाबाची जाण इथे भरपूर आहे. विमानाकडे वळताना त्या जाणिवेतले काय बरोबर घ्यायचे आणि काय दारातच ठेवायचे, हा इथला खरा प्रश्न आहे.

रचना. बारा व्होल्टची दोन्ही दिशांना फिरणारी मोटर, तिला जोडलेला गिअर पंप, तेलाची छोटी टाकी आणि जास्तीचा दाब सोडणारे रिलीफ व्हॉल्व्ह असे सगळे एका ठोकळ्यात बसवलेले असते. त्याला पॉवर पॅक म्हणतात. मोटर एका दिशेने फिरली की तेल ‘वर’च्या नळीत जाते, उलट फिरली की ‘खाली’च्या. ठरलेला दाब आला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. हा दाब रचनेनुसार साधारण १,००० ते २,००० पीएसआय, म्हणजे ७० ते १४० बार असतो. आकडा कारखान्यातल्या मशिनांच्या मानाने मोठा नाही, पण २५ मिमी बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, सिलिंडरवर ७० बार दाब दिला तरी सुमारे ३५० किलोचे बळ मिळते. दांड्याच्या बाजूने, दांडा १२ मिमीचा धरला, तर तेच बळ २७० किलोपर्यंत उतरते. त्यामुळे चाके एका दिशेने जास्त जोराने आणि दुसऱ्या दिशेने कमी जोराने हलली तर तो लगेच बिघाड समजू नये.

अशा बऱ्याच विमानांत चाके वर धरून ठेवणारा खटका नसतोच. नळीत कोंडलेले तेलच त्यांना धरते. खाली आल्यावर मात्र मध्यबिंदू ओलांडून अडकणारी सांध्याची जोडपट्टी पायाला कुलूप लावते. तेल गळाले तरी चाके खाली पडावीत आणि स्वतःच अडकावीत, या हिशेबानेच सगळी रचना केलेली असते. आणीबाणीचा डंप व्हॉल्व्ह उघडला की दोन्ही नळ्यांतले तेल मोकळे होते, मागचे पाय वजनाने पडतात आणि पुढच्या पायाला गॅस स्ट्रट, म्हणजे कोंडलेल्या वायूच्या दाबाचा दांडा, ढकलतो. पुढचे चाक वाऱ्याच्या विरुद्ध उघडत असेल तर तो स्ट्रट कमजोर झाला की चाक अर्ध्यावर अडते. म्हणून डंप व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी वेग कमी करायला सांगितलेले असते.

क्रम. आधी वीज, मग सांधे, मग तेल, आणि दाबाचा स्क्रू सर्वांत शेवटी. सीमाभागातल्या चांगल्या हायड्रॉलिक माणसाची सवय नेमकी उलटी असते. ट्रॉली उचलत नसेल तर तो रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पाव फेरा आवळून बघतो, आणि पुष्कळदा ट्रॉली उचलतेही. विमानात हा पाव फेरा घातक आहे. सांधा कोरडा पडला असेल किंवा दार कुठे घासत असेल, तर वाढलेले बळ सिलिंडरच्या ब्रॅकेटवर येते, आणि तो ब्रॅकेट काचतंतूच्या कवचावर रेझिनने चिकटवलेला असतो. तिथे पडलेली केसाएवढी चीर रंगाखाली दिसत नाही. मूळ दोष जागेवरच राहतो आणि त्याच्या जोडीला नवा दोष आपण स्वतः निर्माण करतो.

मोटर अजिबात फिरत नसेल तर तेलाच्या टाकीकडे बघूच नये. ब्रेकर, रिले, प्रेशर स्विच आणि जमिनीवर चाके वर जाऊ न देणारा सुरक्षा स्विच, एवढ्यांतच कारण सापडते. काही विमानांत हा सुरक्षा स्विच पिटॉट नळीतून, म्हणजे वेग मोजण्याच्या नळीतून, येणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो. पावसाळ्यात विमान झाकून ठेवले आणि कुंभारीण माशीने नळीत मातीचे घर केले, तर वेग दाखवणारा काटा हलत नाही आणि चाकेही वर जात नाहीत. दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी कारण एकच.

मोटर रडत फिरत असेल तर मल्टिमीटर लावून मोटर चालू असतानाच मोजावे. बॅटरी तपासताना तिच्यावर भार नसेल तर बारा व्होल्ट दिसतातच, त्याला अर्थ नाही. रिलेच्या दोन जाड टर्मिनलांमध्ये भाराखाली अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आतले कॉन्टॅक्ट जळलेले आहेत. काचतंतूच्या विमानात बॉडीचे अर्थिंग नसते, परतीची तारही तितकीच जाड हवी, आणि तिच्या टोकाचा लग गंजला की पॅक विनाकारण बदनाम होतो.

मोटर थांबतच नसेल तर कारणे निराळी : प्रेशर स्विच अडकला, रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह स्विचपेक्षा कमी दाबावर उघडू लागला. शेवटच्या कारणात दाब स्विचपर्यंत पोहोचतच नाही, तेल गोल फिरत राहते आणि पॅक हाताला चटका बसेल इतका तापतो. तिन्ही पाय एकदम न हलता एकामागून एक हलणे हा मात्र दोष नाही. तिन्ही सिलिंडर एकाच नळीवर असतात आणि तेल कमी अडथळ्याच्या पायाला आधी हलवते. नेहमी पहिला येणारा पाय एके दिवशी शेवटी येऊ लागला, तर त्याच्या सांध्यात ग्रीस नाही किंवा काहीतरी वाकले आहे, एवढा धडा त्यातून घ्यावा.

उडताना पंप पुन्हा पुन्हा लागणे. ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त चकवणारी तक्रार. चाके वर गेल्यावर पंप बंद होतो, थोड्या वेळाने क्षणभर घुरघुरतो, परत गप्प होतो. एकदाच झाले तर काळजी नको. तेल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०७ टक्के आकुंचते, वर थंड हवेत कोंडलेल्या तेलाचा दाब उतरतो आणि पंप तो भरून काढतो. ठरावीक मिनिटांनी होत राहिले, आणि ते अंतर दर आठवड्याला कमी होत गेले, तर तेल कुठेतरी पळते आहे.

विमान जॅकवर घ्यावे, शेपटीला आधार द्यावा, चाकांखाली आणि दारांच्या कक्षेत कोणीही नको. चाके वर घेऊन पंप थांबल्यावर मुख्य स्विच बंद करावा, पायाच्या शेजारी कवचावर टेपची पट्टी लावून पेन्सिलने रेघ मारावी आणि घड्याळ बघावे. प्रत्येक जोडावर आधी पुसून पांढरा कागद गुंडाळून ठेवला तर विमानाचे लाल तेल थेंबभर आले तरी उमटते. गळती हाताने चाचपडू नये. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीच्या आत घुसते, जखम बारीक दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. धार शोधायला पुठ्ठा पुढे करावा.

कागद कोरडे राहिले आणि रेघ मात्र सरकली, तर गळती आतली आहे. तीनच संशयित उरतात : पॅकमधला एकमार्गी व्हॉल्व्ह, डंप व्हॉल्व्ह आणि पिस्टनचे सील. पॅकची दोन्ही तोंडे टोप्या लावून बंद केली आणि तरीही दाब उतरला, तर दोष पॅकमध्ये. टिकला, तर दोष पुढे. मग एकेका सिलिंडरची ‘खाली’ची नळी सोडून ‘वर’च्या बाजूला दाब द्यावा, उघड्या तोंडातून तेल झिरपत राहिले तर त्याच पिस्टनचे सील गेले. डंप व्हॉल्व्हचे हँडल पूर्ण बंद दिसते, पण केबल किंवा दांडी किंचित आखूड बसली असेल तर व्हॉल्व्ह आत उघडा राहतो. सिलिंडर उघडण्याआधी ही एक गोष्ट तपासली तर पुष्कळ श्रम वाचतात.

काढलेला ओ-रिंग, म्हणजे सीलची रबरी कडी, फेकून देऊ नये. तो भिंगाखाली धरला की बिघाड स्वतःच बोलतो. एका कडेला उंदराने कुरतडल्यासारखे तुकडे उडाले असतील, तर रिंग फटीत ढकलली गेली. तिला आधार देणारी बॅकअप रिंग बसवायची राहिली किंवा बोअर मोठा झाला. कडीचा गोल आडवा छेद चपटा झाला असेल, तर वय किंवा उष्णता. पिळाच्या रेघा असतील, तर रिंग खाचेत गुंडाळत गेली. आणि रिंग फुगून मऊ, चिकट झाली असेल, तर तेल चुकीचे आहे. या शेवटच्या बाबतीत एक रिंग बदलून भागत नाही. सगळी यंत्रणा धुऊन प्रत्येक सील नवे घालावे लागते.

तेल, आटे आणि टेप. चुकीचे तेल पडण्याची शक्यता आपल्याकडे जास्त, कारण दुकानात हाताशी असते ते वेगळेच. या विमानांत सहसा एमआयएल-एच-५६०६ हे खनिज तेल आणि नायट्राइल रबराचे सील असतात. ४० अंशांना त्या तेलाची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, १४ सेंटिस्टोकच्या आसपास असते. कारखान्यांत सर्रास वापरतात त्या ६८ नंबर तेलाची, नावाप्रमाणेच, ६८. सीलला ते चालते, पण जवळजवळ पाचपट दाट तेल ढकलताना छोटी मोटर दमते, आणि वर थंडीत ते आणखी दाट होते. गाडीचे ब्रेक ऑइल तर कधीच नको. ग्लायकॉलवर बेतलेले ते द्रव नायट्राइलची वाट लावते.

आट्यांचा घोळ याहून बारीक. आपल्याकडे हायड्रॉलिक जोड बहुधा बीएसपी या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे, तर अमेरिकन किटमध्ये निमुळत्या आट्यांचे जोड एनपीटी या अमेरिकन मापाचे असतात. पाव इंची बीएसपीला इंचात १९ आटे व ५५ अंशांचा कोन, एनपीटीला १८ आटे व ६० अंश. दोन-तीन फेरे व्यवस्थित जातात, मग घट्ट होते. हाताला ते ‘बसले’ असे वाटते. पान्याने जोर लावला की अॅल्युमिनियमचा ठोकळा तडकतो. नळीच्या फुलवलेल्या तोंडाचेही तसेच : विमानाच्या एएन जोडांना ३७ अंशांचे तोंड लागते, मोटारीच्या नळीचे अवजार ४५ अंशांचे फुलवते. फुलवलेला जोड धातू धातूवर बसूनच तेल अडवतो, त्याला पांढरी टेप लावायची नसते. टेपचा एक धागा सुटून एकमार्गी व्हॉल्व्हच्या गोळीखाली गेला की वर सांगितलेली, कागद कोरडे ठेवणारी गळती सुरू होते. बेळगावात नवे जोड हुबेहूब वळून देणारे टर्नर आहेत. त्यांना नमुना देण्याऐवजी आटा आणि कोन लिहून द्यावा.

तेल भरतानाही चाके कोणत्या स्थितीत असावीत ते किटच्या पुस्तकात पाहावे. दांडा आत-बाहेर होताना सिलिंडरमधली जागा कमी-जास्त होते. चुकीच्या स्थितीत काठोकाठ भरलेली टाकी चाके हलली की हवेच्या छिद्रातून ओकते.

हवामान. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस झोडपतो आणि जांभ्याची तांबडी माती चाकाबरोबर चाक बसण्याच्या कप्प्यात येते. अथणी, रायबागकडे कोरडी धूळ. दोन्ही ठिकाणी माती सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर बसते आणि पुसणाऱ्या सीलमधून आत ओढली जाते. दांड्यावर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर नवे सीलही टिकत नाही. दमट महिन्यांत मायक्रो स्विच गंजतात. चाके खाली अडकल्याचे दाखवणाऱ्या तीन हिरव्या दिव्यांपैकी एक लागला नाही तर प्रथम दिव्यांची अदलाबदल करावी. दिवा ठीक असेल तर स्विच. पण जोडपट्टी खरोखर मध्यबिंदू ओलांडून बसली आहे का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्विच हलवून दिवा लावू नये.

दुरुस्तीनंतर. जॅकवर चाके वर-खाली करत राहिले की बहुतेक रचनांत अडकलेली हवा टाकीत परत येऊन निघून जाते. मग व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवून एकदा, आणि पंप बंद ठेवून फक्त डंप व्हॉल्व्हने एकदा, अशी चाचणी घ्यावी. तिन्ही पाय कोणी हात न लावता पडून अडकले पाहिजेत. वर जाण्यास आणि पडून अडकण्यास लागलेले सेकंद, बदललेल्या सीलचा क्रमांक आणि तेलाचे नाव विमानाच्या लॉगबुकात लिहावे. पुढच्या वेळी तेच सेकंद वाढलेले दिसले की शोध कुठून सुरू करायचा ते कळते. उड्डाण मात्र डीजीसीएच्या परवान्याच्या अटींत आणि अधिकृत सहीनंतरच करावे, मग काम उद्यमबागेतल्या कितीही कसबी हातांनी झालेले असो.