तीळ न कापता तपासण्यामागचा इतिहास

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांमध्ये तळपायावरचा काळा डाग म्हणजे कुरूप किंवा जुन्या जखमेचा वण, असे समजून अंगावर काढले जाते. गोऱ्या लोकांच्या मानाने त्वचेचा कर्करोग आपल्याकडे पुष्कळच कमी आढळतो. पण सावळ्या कातडीत मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा घातक कर्करोग) होतो तेव्हा तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि उशिरा लक्षात येतो. असा डाग न कापता भिंगातून तपासण्याची पद्धत म्हणजे डर्मॅटोस्कोपी.

कातडीवर तेलाचा थेंब टाकला की वरच्या थरावरून परावर्तित होणारा प्रकाश कमी होऊन आतले दिसू लागते, याचा उपयोग जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन ऊना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच केला होता. या तपासणीला डर्मॅटोस्कोपी हे नाव 1920 मध्ये योहान साफिअर यांनी दिले. मात्र घातक आणि निरुपद्रवी डाग शस्त्रक्रियेआधी ओळखण्यासाठी तिचे मोल 1971 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ रोना मॅकी यांनी दाखवले आणि 1987 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी डागांतल्या आकृतिबंधांची पद्धतशीर मांडणी केली.

हे सारे ज्ञान मुख्यतः गोऱ्या कातडीवर उभे राहिले. आपल्या दृष्टीने मोलाची भर जपानमधून, त्वचारोगतज्ज्ञ तोशिआकी साइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून आली. तळव्यावर ठशासारख्या उंच रेघा आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. घामाची छिद्रे उंच रेघांवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगेसारखी दिसतात, त्यामुळे रेघ कोणती आणि खाच कोणती हे ठरवता येते. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत उतरतो; तो उंच रेघांवर पसरलेला दिसला तर मेलॅनोमाची शंका धरून बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करावी लागते. एवढ्याशा फरकावर एखाद्याचा पाय, किंबहुना जीव, वाचू शकतो.

पुढचा टप्पा कन्फोकल मायक्रोस्कोपीचा, म्हणजे कातडी न कापता तिच्या आतला एकेक पातळ थर सूक्ष्मदर्शकाने पाहण्याचा. तिची कल्पना मार्विन मिन्स्की यांनी 1950 च्या दशकात मांडली. जिवंत मानवी त्वचेतील पेशी लेसरच्या साहाय्याने दाखवणारे काम मिलिंद राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेआधी गाठीची कड आखणे, तसेच मलमाच्या उपचारानंतर रोग उरला आहे का हे पाहणे, यासाठीही ती आता वापरली जाते. तिची नजर साधारण पाव मिलिमीटरपर्यंतच पोचते आणि तळव्याचे जाड कातडे तिला आडवे येते. म्हणून तळपायाच्या डागाबाबत डर्मॅटोस्कोप (डर्मॅटोस्कोपीचे भिंग) आणि गरज पडल्यास बायोप्सी, यांवरच भिस्त ठेवावी लागते.