डॅट आणि डीसीसी: दोन डिजिटल कॅसेटी, दोन वेगळी दुखणी

‘डिजिटल कॅसेट’ म्हटलं की डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) आणि डीसीसी (डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट) यांची हमखास गल्लत होते. ओळखायला मात्र सोप्या. डॅट म्हणजे दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या एवढी, पुढच्या कडेला उघडणारं झाकण. डीसीसी नेहमीच्या कॅसेटच्याच मापाची, पण वरची बाजू सपाट, भोकं फक्त खालून, आणि टेप झाकायला सरकणारी पत्र्याची पट्टी.

डॅट सोनीनं 1987 मध्ये आणली. आवाजाची माहिती दाबून लहान न करता, सेकंदाला 48 हजारांपर्यंत नमुने घेऊन (48 किलोहर्ट्झ) भरायची. कॉपी मूळ प्रतीइतकीच चोख निघणार म्हटल्यावर रेकॉर्ड कंपन्या हादरल्या. अमेरिकेत वाद वर्षानुवर्षं चालला आणि 1992 च्या कायद्यानं यंत्रात कुलूप सक्तीचं झालं: मूळ प्रतीवरून डिजिटल कॉपी काढा, कॉपीवरून पुढची नाही.

आता आपल्या सोलापुरात काय चालायचं? गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दुकानात द्यायची, चार दिवसांनी ‘भरून’ आणायची. धंदाच कॉपीवरून कॉपीचा! कुलूप फक्त डिजिटल कॉपीला, त्यामुळे साध्या अ‍ॅनालॉग वायरीनं डॅटवरही भरता आलं असतं म्हणा, पण मग डिजिटलचे पैसे कशाला मोजायचे?

शिवाय डॅटचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, ड्रमवर (फिरत्या नळकांड्यावर) मिनिटाला 2000 फेरे घेतं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारच्या खोलीत सुताची धूळ टेपरेकॉर्डरच्या हेडवर बसते. स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. डॅटच्या ड्रमवर तोच बोळा वर-खाली घासला तर नाजूक हेड मोडतं. स्टुडिओवाल्यांनी मात्र हे लाड पुरवले, म्हणून सोनीची डॅट यंत्रं 2005 पर्यंत निघत राहिली.

डीसीसीचं भांडण कुणाशीच नव्हतं, आणि माझ्या मते तिथंच ती फसली. फिलिप्स आणि मात्सुशितानं 1992 मध्ये आणलेल्या या यंत्राचं हेड स्थिर, आवाजाची माहिती दाबून साधारण चौथ्या हिश्शाएवढी केलेली, कुलूप आधीपासूनच आत. जाहिरातीचा मुद्दा एकच: तुमच्या जुन्या कॅसेटी यातही वाजतील. अहो, पण त्या घरच्या टेपवर वाजतच होत्या की! बरं, त्यांच्यावर भरायचं म्हटलं तर हे यंत्र नाही म्हणायचं. ज्याला नवं हवं तो सीडीकडे गेला. डीसीसी आली त्याच वर्षी सोनीची मिनीडिस्क ही छोटी चकती आली, तिच्यात हव्या त्या गाण्यावर थेट उडी मारता येई. डीसीसीत टेप पुढं पळवत बसा. 1996 मध्ये फिलिप्सनं गाशा गुंडाळला.

जुन्या सामानात यातलं काही हाती लागलं तर आधी डॅटकडे बघा. तिच्यावर कुणीतरी स्वतः केलेलं, दुसरीकडे कुठंच नसलेलं रेकॉर्डिंग असण्याची शक्यता जास्त, आणि चालू स्थितीतलं यंत्र दर वर्षी दुर्मिळ होतंय. दुकानातून विकत आणलेली डीसीसी असेल, तर तोच अल्बम सीडीवर बहुतेक मिळून जाईल.