एसएसडीतून उडालेली फाइल

लग्नाचे फोटो चुकून डिलीट झाले की कोणीतरी हमखास धीर देतो, ‘घाबरू नका, एक सॉफ्टवेअर टाकलं की सगळं परत येतं.’ हार्ड डिस्कच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरंही ठरतं. पण हल्लीच्या लॅपटॉपमध्ये माहिती साठवायला हार्ड डिस्कऐवजी बहुधा एसएसडी असते, आणि तिथलं गणित वेगळं आहे.

हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली की विंडोज फक्त नोंद बदलते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून घर पडत नाही, तसा मजकूर तबकडीवर शाबूत राहतो. त्याच जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

एसएसडीत तबकडी नाही, फ्लॅश चिप असते. तिच्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून माहिती साठवतात. गंमत पुढे आहे. या चिपवर लिहिता येतं काही किलोबाइटच्या एकेका ‘पेज’वर, पण पुसायचा तर शेकडो पेजेसचा अख्खा ‘ब्लॉक’. शिवाय भरलेल्या पेजवर पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावंच लागतं. म्हणजे ब्लॉकमधली कामाची पेजेस दुसरीकडे हलवा, मग ब्लॉक पुसा. ऐन लिहिताना हा उद्योग केला तर वेग मंदावणार. म्हणून एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, ही झाडलोट फावल्या वेळात उरकतो. पण कुठलं पेज रद्दी झालं, हे त्याला कसं कळावं? फाइलींचा हिशेब तर विंडोजकडे! कुठली जागा रद्दी झाली हे विंडोजने एसएसडीला कळवायचं, त्यासाठी ‘ट्रिम’ नावाची आज्ञा आहे. २००९ च्या विंडोज ७ पासून ती विंडोजमध्ये आली. रिसायकल बिन रिकामा केला की ट्रिम जाते. त्यानंतर ती जागा वाचायला गेलं, तर कप्पे प्रत्यक्षात पुसले गेले नसले तरी बहुतेक एसएसडी नुसती शून्यं हातात ठेवतात. सॉफ्टवेअर शून्यांतून फोटो काढणार कुठून?

‘१००% डेटा परत’ या जाहिरातींना भुलू नये ते यासाठी. बंद पडलेली हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा तोडगाही तसलाच. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

लॅपटॉप पडणं, चोरी, लिहिताना वीज जाणं ही डेटा जाण्याची कारणं सर्वांना ठाऊक असतात. रॅन्समवेअरचं, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचं, मात्र लक्षात ठेवा: २०१७ मधल्या वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घातलं होतं. बॅकअप झाला की ती डिस्क काढून ठेवावी.

पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याच्या कार्डापर्यंत ट्रिम बहुधा पोचत नाही. तिथे ते सॉफ्टवेअर अजूनही चालून जातं, फक्त त्या कार्डावर पुढचा एकही फोटो काढू नका.