फोन आणि संगणक यांच्यात वायरशिवाय फाइल पाठवणे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोनमधल्या फाइली केबल न लावता संगणकावर घेण्यासाठी कोणते ॲप वापरावे, असे आमचे ग्राहक आम्हाला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर पुढे दिले आहे. परंतु ॲप निवडण्यापूर्वी आपली फाइल कोणत्या मार्गाने जाणार आहे हे ठरवणे अधिक आवश्यक आहे, कारण लागणारा वेळ, फोटोंचा दर्जा, खर्च होणारा डेटा आणि सुरक्षितता या चारही गोष्टी ॲपच्या नावापेक्षा त्या मार्गावर अवलंबून असतात. असे मार्ग मुख्यतः तीन आहेत : इंटरनेट, ब्लूटूथ आणि आपल्याच जागेतले वाय-फाय.

इंटरनेटचा वळसा

बहुतेक जण फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवतात आणि संगणकावर उतरवून घेतात. फोन आणि संगणक शेजारी असले तरी अशा वेळी फाइल आधी दूरच्या सर्व्हरवर चढते आणि मग तिथून खाली उतरते. बऱ्याच इंटरनेट जोडण्यांमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी असतो, त्यामुळे मोठा व्हिडिओ पहिल्याच टप्प्यावर रेंगाळतो आणि डेटा दोन वेळा खर्च होतो.

याहून महत्त्वाचा तोटा दर्जाचा आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान करून पाठवले जाते आणि ते कधी, कुठे काढले ही फाइलमधली नोंदही निघून जाते. अल्बम तारखेनुसार लावणाऱ्यांना हे फार उशिरा लक्षात येते. व्हॉट्सॲपच वापरायचे असल्यास फाइल ‘डॉक्युमेंट’ या पर्यायाने पाठवावी. तशी ती मूळ स्वरूपात पोहोचते आणि २ जीबीपर्यंतची फाइल चालते. जीमेलच्या जोडपत्रांना मात्र २५ एमबीची मर्यादा आहे.

गूगल ड्राइव्ह (मोफत १५ जीबी, त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात) किंवा आयक्लाउड (मोफत ५ जीबी) यांना आमचा विरोध नाही. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी असतील किंवा कायमची दुसरी प्रत हवी असेल तर हाच मार्ग योग्य होय. एकाच खोलीतल्या कामासाठी मात्र तो लांबचा आहे.

ब्लूटूथ

ब्लूटूथला राउटर, इंटरनेट किंवा वेगळे ॲप लागत नाही, हा त्याचा गुण. वेग मात्र फारच कमी असतो. फाइल पाठवताना वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या ब्लूटूथची कमाल मर्यादा सेकंदाला ३ मेगाबिट असून प्रत्यक्षात साधारण २ मेगाबिट मिळतात. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने हा वेग सेकंदाला पाव एमबी इतकाच होतो. म्हणजे ४ एमबीचा एक फोटो सुमारे १६ सेकंदांत जातो, पण १ जीबीच्या व्हिडिओला तासाहून अधिक वेळ लागतो. एखादे पत्र किंवा पावती पाठवण्यापुरतेच ते वापरावे. आयफोनवरून विंडोज संगणकावर ब्लूटूथने फाइल पाठवण्याची सोय मुळातच नाही, त्यामुळे ती जोडणी करण्यात वेळ घालवू नये.

वाय-फाय : आम्ही सुचवतो तो मार्ग

दोन्ही उपकरणे एकाच राउटरला जोडलेली असतील तर फाइल फोनकडून राउटरकडे आणि तिथून थेट संगणकाकडे जाते. ती इंटरनेटवर जातच नाही. म्हणूनच इंटरनेट बंद पडले असले तरी हे काम चालते आणि डेटाही खर्च होत नाही. राउटर नसेल तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडावा. हॉटस्पॉट म्हटले की डेटा संपेल अशी धास्ती अनेकांना असते. पण फोन आणि तोच संगणक यांच्यातली फाइल मोबाइल कंपनीच्या जाळ्यात जात नसल्याने तिचा डेटा मोजला जात नाही. त्याच वेळी संगणक पाठीमागे स्वतःचे अपडेट उतरवू लागला तर तो डेटा मात्र खर्च होईल, म्हणून अँड्रॉइड फोन असल्यास त्या वेळेपुरता त्याचा मोबाइल डेटा बंद ठेवणे बरे.

वेगाबाबत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फोन आणि संगणक दोन्ही वाय-फायवर असताना प्रत्येक फाइल हवेतून दोनदा प्रवास करते, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा राउटरपासून. दोन्ही उपकरणे वाय-फायच्या एकाच पट्ट्यावर (वारंवारतेवर) असतील तर उपलब्ध वेळ दोन टप्प्यांत विभागला जातो आणि वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. संगणक लॅनच्या वायरने राउटरला जोडल्यास हवेतला एक टप्पा वाचतो. वायर टाळण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या पत्रकात वायरचा सल्ला विचित्र वाटेल, पण दर आठवड्याला मोठे व्हिडिओ उतरवणाऱ्यांना याचा फायदा ताबडतोब जाणवतो. तसेच राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसत असतील तर फोन ५ गिगाहर्ट्झवर घ्यावा. तो पट्टा वेगवान असतो, मात्र भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो, म्हणून राउटरच्या खोलीतच बसावे. सेकंदाला २० एमबी वेग मिळाला तर वर सांगितलेला १ जीबीचा व्हिडिओ ५० सेकंदांत संगणकावर येतो.

आता ॲपविषयी. अँड्रॉइड फोन आणि विंडोज संगणक असलेल्यांनी ‘क्विक शेअर’पासून सुरुवात करावी. २०२० मध्ये ‘निअरबाय शेअर’ या नावाने आलेली गूगलची ही सोय २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरशी एकत्र झाली. फोनमध्ये ती आधीच असते. संगणकावर तिचे ॲप बसवावे लागते आणि त्यासाठी ६४ बिट विंडोज १० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. दोन्हीकडे ब्लूटूथ आणि वाय-फाय सुरू असावे, कारण ब्लूटूथ उपकरण शोधण्यासाठी आणि वाय-फाय फाइल नेण्यासाठी वापरले जाते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘निअरबाय शेअरिंग’ नावाची जवळजवळ सारख्याच नावाची सोय आहे. ती २०१८ मध्ये आली असून केवळ दोन विंडोज संगणकांमध्ये चालते. ती सुरू करून फोन दिसण्याची वाट पाहणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात.

आयफोन आणि मॅक असलेल्यांना त्यांच्यात आधीच असलेले ॲपलचे एअरड्रॉप पुरेसे आहे. त्याला एकाच वाय-फायवर असण्याचीही गरज नसते, कारण दोन्ही उपकरणे परस्परांशी थेट वाय-फाय जोडणी करतात. मात्र पर्सनल हॉटस्पॉट सुरू असल्यास तो बंद करावा.

अडचण येते ती मिश्र जोड्यांची, म्हणजे आयफोन आणि विंडोज किंवा अँड्रॉइड आणि मॅक. त्यांना आम्ही ‘लोकलसेंड’ बसवून देतो. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि फाइल सांकेतिक स्वरूपात जाते. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘केडीई कनेक्ट’ अधिक सोयीचे वाटते. जिथे काहीही बसवण्याची परवानगी नाही अशा संगणकावर ‘पेअरड्रॉप’ हे संकेतस्थळ दोन्ही उपकरणांच्या ब्राउझरमध्ये उघडले तरी काम होते. पान इंटरनेटवरून येते, पण एकाच नेटवर्कवर असल्यास फाइल थेट जाते.

ज्यांना रोज काम पडते त्यांनी संगणकावरचा एक फोल्डर नेटवर्कवर शेअर करून ठेवावा. आयफोनच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये २०१९ पासून ‘कनेक्ट टू सर्व्हर’ हा पर्याय आहे आणि अँड्रॉइडच्या अनेक फाइल मॅनेजरमध्ये नेटवर्कचा विभाग असतो. येथे हमखास चूक होते ती पासवर्डची : संगणक उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो, परंतु शेअर केलेल्या फोल्डरला विंडोज खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, पिन चालत नाही.

संगणक किंवा फोन दिसतच नसेल तर

ॲप बदलून पाहण्यापूर्वी दोन्ही उपकरणे खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का, हे तपासावे. फोन वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर गेलेला असतो, किंवा तो ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायवर असतो. गेस्ट नेटवर्क, तसेच हॉटेल, विमानतळ आणि कार्यालये यांचे वाय-फाय, एका उपकरणाला दुसरे दिसू नये अशाच प्रकारे बहुधा लावलेले असते. तिथे कोणतेही ॲप चालले नाही तर तो ॲपचा दोष नाही. अशा ठिकाणी फोनचा हॉटस्पॉट हाच सरळ उपाय आहे. खात्री करायची असल्यास दोन्हीकडचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा उपकरणाचा क्रमांक) पाहावा : घरातल्या साध्या राउटरवर त्याचे पहिले तीन आकडे, उदाहरणार्थ १९२.१६८.१, दोन्हीकडे सारखे असतात.

त्यानंतर विंडोजमधील नेटवर्कचा प्रकार पाहावा. नवे वाय-फाय जोडताना विंडोज ते ‘पब्लिक’ धरते आणि संगणक इतरांपासून लपवते. आपल्या स्वतःच्या वाय-फायसाठी तो प्रकार ‘प्रायव्हेट’ करावा. ॲप प्रथम उघडल्यावर फायरवॉलने (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या विंडोजच्या सोयीने) विचारलेली परवानगी अनवधानाने नाकारली गेली असेल तर तीही द्यावी. आयफोनवर २०२० पासून प्रत्येक ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची वेगळी परवानगी लागते. व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) सुरू असल्यास ते काही काळ बंद करून पाहावे. फाइल अर्ध्यावर थांबत असेल तर बहुतेकदा फोनची बॅटरी वाचवण्याची सोय ॲपला झोपवत असते. पाठवणे पूर्ण होईपर्यंत ॲप समोर उघडे आणि स्क्रीन सुरू ठेवावी.

फाइल पोहोचली, पण उघडत नाही, हीदेखील सामान्य तक्रार आहे. आयफोन २०१७ पासून फोटो हेइक (HEIC) या प्रकारात साठवतो आणि काही विंडोज संगणकांना तो उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील जोड लागते. ती नको असल्यास आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे. पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतील, जुने मात्र तसेच राहतील. व्हिडिओ पुढे पेनड्राइव्हवर घालायचा असेल आणि पेनड्राइव्ह फॅट३२ (FAT32) या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही.

सुरक्षिततेविषयी

क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांत ‘सर्वांना दिसावे’ हा पर्याय कामापुरताच सुरू करावा; आयफोनवर तो १० मिनिटांनी आपोआप बंद होतो. अनोळखी नावाने आलेली फाइल स्वीकारू नये. काही फाइल मॅनेजर एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने फोन संगणकाला उघडा करतात. घरात ते चालते, परंतु एफटीपीत पासवर्डही उघड्या अक्षरांत जातो, म्हणून सार्वजनिक वाय-फायवर ते वापरू नये. शिवाय क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकल्याने फाइल मॅनेजरने दाखवलेला एफटीपीचा पत्ता आता ब्राउझरमध्ये उघडत नाही. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये टाकावा लागतो.

फोनमधून पुसण्यापूर्वी

वायरशिवाय पाठवताना नेहमी ‘कॉपी’ करावी, ‘कट’ किंवा ‘मूव्ह’ करू नये. जोडणी मध्येच तुटली तरी मूळ फाइल जागेवर राहते. संगणकावर फाइलींची संख्या आणि एकूण आकार फोनशी जुळवून पाहावा, मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून चालतात का ते पाहावे आणि मगच फोन रिकामा करावा. गूगल फोटोज किंवा आयक्लाउड फोटोज सुरू असेल तर फोनमध्ये पुसलेला फोटो ऑनलाइन प्रतीतूनही जातो. गूगल फोटोजमध्ये जतन झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस आणि आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस राहतो, तेवढ्या मुदतीत तो परत मिळवता येतो. केवळ फोनमधील जागा मोकळी करायची असल्यास गूगल फोटोजमधील ‘फ्री अप स्पेस’ वापरावे, त्याने ऑनलाइन प्रत शाबूत राहते.

एवढे करूनही जोडणी होत नसल्यास आमच्याशी संपर्क साधताना फोनचे मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, विंडोज किंवा मॅकची आवृत्ती आणि पडद्यावर आलेल्या सूचनेचा फोटो जवळ ठेवावा. अडचण केवळ आपल्या जागेतल्या वाय-फायवर येत असेल तर तसे आधीच सांगावे, कारण मग संगणक आमच्याकडे आणून उपयोग होत नाही, राउटरच पाहावा लागतो.